लाइनपासूनचं अंतर

गुरुजी गेले तेव्हा त्यांच्या अँटेनाचा तपासणीचा कागद माझ्या कपाटात होता, आणि सगळं ठीक आहे असं त्यावर माझ्याच अक्षरात लिहिलेलं होतं.

मी शहापूरची. तालुक्यातल्या एका आयटीआयमध्ये बरीच वर्षं वायरमनचा ट्रेड शिकवते, आणि हौस म्हणून रेडिओचा परवाना बाळगते. ही हौस ज्यांना ठाऊक नाही त्यांना मी थोडक्यात सांगते. परीक्षा द्यायची, सरकारकडून परवाना मिळवायचा, आणि मग घरात एक सेट नि बाहेर एक अँटेना लावून लांबलांबच्या माणसांशी बोलायचं. मध्ये मोबाइलचा टॉवर लागत नाही, कंपनी लागत नाही. शहापूर आणि मुरबाड मिळून असे आम्ही पाचच जण होतो. त्यांतले एक म्हणजे गुरुजी. डोळखांबच्या पुढे डोंगराच्या पोटात त्यांचा पाडा. शाळेत शिकवायचे आणि घरची भाताची, नाचणीची शेती बघायचे. परवान्याच्या परीक्षेत दोनदा नापास झाले, तिसऱ्यांदा पास झाले, आणि पास झाल्याचं सांगायला पेढे न आणता घरच्या तांदळाची पिशवी घेऊन माझ्या दारात उभे राहिले.

त्यांच्या पाड्यावर मोबाइलला धड रेंज नाही. एका पावसाळ्यात रस्ता वाहून गेला, वीजही गेली, आणि पाड्यावरची एक बाई बाळंतपणात अडली. गुरुजींनी गाडीच्या बॅटरीवर सेट चालवून मला हाक दिली. मी फोन करकरून खालच्या गावापर्यंत रुग्णवाहिका आणवली, माणसांनी त्या बाईला डोलीतून तिथवर उतरवलं. आई-मूल दोघं वाचली. त्या दिवसापासून गुरुजींच्या अंगणातला तो लोखंडी पाइप पाड्याला आपला वाटायला लागला.

त्याआधी तसं नव्हतं. पाइप उभा राहिला तेव्हा लोक कुरकुरले होते. तारेतल्या लहरींनी गाईंचं दूध आटतं, आंब्याचा मोहर गळतो, पोटुशी बाई खालून गेली तर वाईट. गुरुजी कुणाशी भांडले नाहीत. त्यांनी मला बोलावलं आणि सगळ्यांना अंगणात बसवलं. ते सेटवर बोलत राहिले आणि मी लहरी मोजायचं मीटर घेऊन फिरले. गोठ्यात, चुलीपाशी, ओट्यावर, शेजारच्या परसात, जिथे जिथे माणूस नाहीतर जनावर बसतं तिथे तिथे. आकडे मोठ्यानं सांगितले, किती असले म्हणजे भीती नाही तेही सांगितलं, आणि सगळं कागदावर लिहून खाली सही केली. एक म्हातारे बाबा पुढे आले, कागदाला बोट लावून म्हणाले, "बाईनी लिवलाय ना? मंग नाय भ्यायचा."

हे वाक्य मी त्यानंतर कितीतरी जणांना कौतुकानं सांगितलं आहे.

तपासणीचा नियम आमच्या मंडळात आला तो मुरबाडच्या एका सभासदामुळे. त्यांचं मोबाइलचं दुकान आहे. त्यांच्या अँटेनावर एकदा वीज पडली. सेट जळाला, भिंतीला भेग गेली, माणसं थोडक्यात वाचली. बघितलं तर अर्थिंगची तार जमिनीलगत कधीची गंजून तुटलेली. तेव्हा आम्ही ठरवलं की दरवर्षी पावसाआधी प्रत्येकाचा अँटेना दुसऱ्यानं तपासायचा. मालकानं स्वतः नाही, कारण रोजच्या डोळ्यांना दोष दिसत नाही. कागदाचा नमुना मी तयार केला. पाया आणि पाइप, ताण, म्हणजे पाइपाला बांधून धरणाऱ्या तारा, अर्थिंगचं रीडिंग, विजेच्या लाइनपासूनचं अंतर, आणि माणसं बसतात तिथली लहरींची तीव्रता. तळाला मी एक ओळ छापली होती: 'वरील सर्व मी प्रत्यक्ष पाहिले आहे.' त्याखाली तपासणाऱ्याची आणि मालकाची सही. कागद जपायची जबाबदारीही मीच मागून घेतली. फायलींना रंगीत पट्ट्या लावल्या होत्या. मुरबाडचे थट्टेनं मला 'इन्स्पेक्टर मॅडम' म्हणायचे, आणि मला ते आवडायचं.

गुरुजींच्या घरची तपासणी माझ्याकडे होती. सलग काही वर्षं मी नेमानं गेले. सकाळी निघायचं, डोळखांबवरून पुढे जीपनं, शेवटचा चढ चालत. वहिनी, म्हणजे गुरुजींच्या बायको, नाचणीची भाकरी आणि सुकटीची चटणी करून ठेवायच्या. त्या कमी बोलायच्या. मी पाइपाच्या पायाशी अर्थिंग मोजायच्या टेस्टरच्या खुंट्या ठोकायला बसले की न सांगता पाण्याची कळशी आणून ठेवायच्या, कारण माती कोरडी असली की मी पाणी मागते हे त्यांच्या लक्षात राहिलं होतं.

मग ते वर्ष आलं. आयटीआयच्या परीक्षा लांबल्या, रविवारीही प्रॅक्टिकलं लागली. ऊन फार होतं आणि तो चढ मला नको वाटत होता. खरं कारण एवढंच, बाकीची मी नंतर शोधली. बाकीच्या चौघांचे कागद झाले होते. गुरुजींचा राहिला होता. एका संध्याकाळी सेटवर भेटले तेव्हा मी त्यांना विचारलं, "गुरुजी, मागच्या वर्षीपासून अँटेनात काही बदल?"

"काय नाय मॅडम. सगळं तसंच हाय."

"ताण घट्ट आहेत?"

"घट्ट हायत. या वर्षी येणार नाय काय तुमी? घरात विचारतात."

"बघते," मी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या वर्षीचा कागद समोर ठेवून नवा भरला. अर्थिंगचं रीडिंग हुबेहूब तेच लिहिलं तर खोटं वाटेल, म्हणून शेवटचा आकडा बदलला. एवढी अक्कल मी चालवली. लाइनपासूनच्या अंतरापुढे लिहिलं, 'पुरेसे'. मागच्या वर्षी लाइन पार रस्त्याच्या पलीकडे होती. आठवडाभरानं गुरुजी कामाला शहापूरला आले, आयटीआयच्या फाटकाशी भेटले. मी कागद पुढे केला. त्यांनी वाचलाही नाही, खिशातलं पेन काढून सही केली. "तुमी लिहिलंय ना, मंग झालं."

त्यांच्या घरामागून नवी अकरा केव्हीची, म्हणजे उच्च दाबाची, लाइन गेली होती. वरच्या वस्तीला पाण्याचा पंप बसायचा होता, त्यासाठी. खांब चैत्रातच उभे राहिले होते. मी अँटेनाबद्दल विचारलं होतं आणि त्यांनी अँटेनाबद्दलच सांगितलं. ते खोटं बोलले नाहीत. अँटेनात खरोखर काही बदललं नव्हतं.

वळवाच्या वाऱ्यात पाइप थोडा कलला. गुरुजींनी तो खाली उतरवून पुन्हा उभा करायचं ठरवलं. पाइप घराच्या कडेला, अंगणाच्या टोकाशी होता आणि त्याच्या पायाशी बिजागरी होती. मागून दोर धरून तो हळूहळू पुढच्या अंगणात निजवायचा, अशी रीत. दोघांना जमतं ते, वारा नसला तर. सकाळची दहाची वेळ. वहिनींनी घरामागे उभं राहून दोर धरला, गुरुजी पायाशी पाइप धरून उभे राहिले आणि पुढचे ताण सोडले. तेवढ्यात समोरून वावटळ आली. पाइप पुढे यायच्या ऐवजी मागे गेला. गुरुजींनी सोडला नाही, सावरायला गेले. पाइपाचं टोक वहिनींच्या डोक्यावरून जाऊन लाइनीला लागलं.

वहिनींच्या हातात कोरडा नायलॉनचा दोर होता, म्हणून त्या वाचल्या. गुरुजी जागेवरच गेले.

मला पोलीस पाटलांचा फोन आला तेव्हा मी वर्गात होते, फळ्यावर अर्थिंगची आकृती होती. मी कुणाला काही न सांगता निघाले. पाड्यावर पोचले तेव्हा गुरुजींना शहापूरला सरकारी दवाखान्यात नेलं होतं. आमच्या गाड्या वाटेत कुठेतरी एकमेकींना ओलांडून गेल्या असणार. वहिनी ओट्यावर बायकांच्या घोळक्यात बसल्या होत्या. मी घराला वळसा घालून मागे गेले. लाइन बंद केलेली होती. पाइप तसाच आडवा, टोकाशी काळा. मी पायापासून लाइनीच्या खालपर्यंत पावलं मोजत गेले. दहा-अकरा पावलं भरली, म्हणजे पंचवीस-तीस फूट. पाइप चाळीस फुटी.

आडवा पडला तरी कुठल्याही बाजूनं लाइनीला पोचू नये, हा पहिला धडा आहे. मी तो दरवर्षी पहिल्या आठवड्यात शिकवते. त्याला मीटर लागत नाही, टेस्टर लागत नाही. अंगणात उभं राहून एकदा वर बघितलं की कळतं.

तिसऱ्या दिवशी मुरबाडचे माझ्या घरी आले. बराच वेळ गुरुजींबद्दल बोलले, त्यांचे डोळेही भरून आले. मग म्हणाले, "मॅडम, विद्युत निरीक्षकांकडून माणूस येणार आहे. अपघात म्हटला की येतात. ते कागद मागतील."

"देईन."

"कोणती तारीख आहे त्यावर?"

मी सांगितली. लाइन आल्यानंतरची होती.

ते थोडं पुढे सरकले. "चैत्राच्या आधीची टाका. नवा कागद करा. तपासणी झाली तेव्हा लाइन नव्हती, नंतर आली. कुणाचाच दोष नाही. गुरुजींचाही नाही, तुमचाही नाही."

"मी गेलेच नव्हते हो."

"ते तुम्हाला ठाऊक, मला ठाऊक. गेलेला माणूस परत येणार आहे का? उद्या आपल्या सगळ्यांचे परवाने अडकले, तर पुढच्या पुरात पाड्यावरून कोण बोलणार?"

मला त्यांचा राग आला नाही. ते जे बोलले ते माझ्या मनात आधीच येऊन गेलं होतं, फक्त इतकं नीट मांडलेलं नव्हतं. ते गेल्यावर मी कोरा नमुना काढला. सगळे रकाने भरले. या वेळी अक्षर जरा घाईचं ठेवलं, उन्हात उभ्यानं लिहिल्यासारखं. माझी सही केली. मग मालकाच्या सहीची जागा आली.

मी जुन्या वर्षांचे कागद काढले. गुरुजींची सही शाळेतल्या पुस्तीसारखी होती, प्रत्येक अक्षर सुटं, शेवटी एक ठिपका. मी वर्तमानपत्राच्या कडेला ती एकदा करून बघितली. दुसऱ्यांदा केली. दुसरी बरीच जमली. ती जमलेली सही मी बघितली. उठून तो नवा कागद चुलीत घातला. यात धैर्याचं काही नव्हतं. सही जमली नसती तर कदाचित मी आणखी प्रयत्न केला असता. जमली म्हणून घाबरले.

निरीक्षकांकडचे अधिकारी आले ते शांत, वयस्क गृहस्थ होते. त्यांनी कागद चष्मा वर करून वाचला.

"अक्षर कुणाचं?"

"माझं."

"या दिवशी तुम्ही जागेवर गेला होतात?"

"नाही. त्या वर्षी गेलेच नाही."

त्यांनी मान वर केली. "मग ही रीडिंग्ज?"

"मागच्या वर्षीची. एक आकडा बदलून."

त्यांनी तेही लिहून घेतलं. जबाब पूर्ण झाल्यावर मी विचारलं, "माझ्यावर काय होईल?"

"ही तुमच्या मंडळाची खासगी तपासणी. कायद्यानं ती बंधनकारक नव्हती. मयतानं लाइनीजवळ परवानगीशिवाय काम केलं, असंच नोंदलं जाईल." कागद फाइलीत सरकवत ते म्हणाले, "तुमच्यावर काही येत नाही, बाई."

मी शिक्षेची तयारी करून बसले होते. त्यांनी चहा घेतला आणि ते गेले.

महिन्यानं मी पाड्यावर गेले. वहिनी एकट्याच होत्या, सुपात तांदूळ निवडत होत्या. मला बघून त्यांनी पाट सरकवला. दुखवट्याची भेट आहे असं त्यांना वाटलं. मी बसले नाही. उभ्यानंच सगळं सांगितलं. न येणं, सेटवरचं बोलणं, कागद, बदललेला आकडा. दुसऱ्या कागदाचं आणि सहीचंही सांगितलं.

त्यांचे हात सुपात थांबले. त्या म्हणाल्या, "तुमी आल्या असत्या तर काय झालं असतं?"

"लाइन दिसली असती. पाइप तिथून काढा म्हणाले असते."

"त्यांनी ऐकलं असतं?"

"हो वहिनी. त्याच दिवशी काढला असता."

"हां. तुमचं ऐकलं असतं त्यांनी." त्यांनी सूप बाजूला ठेवलं. "कागद हाय इथं?"

झेरॉक्स पिशवीत होती. "वाचून दाखवा," त्या म्हणाल्या. मी वाचलं. पाया, मजबूत. ताण, घट्ट. अर्थिंग, समाधानकारक. लाइनपासून अंतर, पुरेसे. गोठा, चूल, ओटा, भीती नाही. वरील सर्व मी प्रत्यक्ष पाहिले आहे.

"येवढं सगळं ठीक व्हतं," त्या म्हणाल्या. त्यांच्या आवाजात टोचून बोलणं नव्हतं. यादी ऐकून माणूस म्हणतो तसं म्हणाल्या.

मग त्यांनी माझ्याकडे बघितलं. "मला कशाला सांगितलंत, ताई? मी वाऱ्याला दोष देत व्हते. रोज सकाळी उठून वाऱ्याला शिव्या घालत व्हते. त्यावर दिवस जात व्हता. आता मला तुमी दिसणार."

खरं सांगावं म्हणून मी आले होते, पण चढ चढताना मला हलकं वाटत होतं हेही खरं. ते हलकेपण कुणाच्या अंगावर टाकायला निघाले होते, याचा विचार मी केला नव्हता. त्या उठून आत गेल्या. मी झेरॉक्स पिशवीत घातली आणि डोंगर उतरले.

अँटेनाचा पाइप आणि तारा पुढे मुरबाडच्यांनी आणि मी मिळून काढल्या. त्या दिवशी वहिनींनी दार लावून घेतलं होतं. म्हातारे बाबा काठी टेकत आले आणि आमचं काम संपेपर्यंत बांधावर बसून राहिले. कागदाबद्दल पाड्यावर कळलं होतं. मी त्यांना नमस्कार केला. त्यांनी मान फिरवली नाही, पण बोललेही नाहीत. मुरबाडच्यांनीही त्यानंतर माझ्याशी बोलणं कमी केलं. मी खरं सांगून मंडळाला उघडं पाडलं असं त्यांना वाटतं, आणि त्यात तथ्य आहे. आमचं पाच जणांचं मंडळ दोघांवर आलं, मग नावापुरतंच उरलं. माझा परवाना कुणी काढून घेतला नाही. मुदत संपली तेव्हा मी नूतनीकरणाचा अर्ज भरला नाही, इतकंच.

डोळखांबच्या पुढे आता रेडिओ नाही. गेल्या पावसाळ्यात दरड आली तेव्हा दोन दिवस पाड्याची खबर लागली नव्हती. सुदैवानं कुणाला काही झालं नाही. ते दोन दिवस मी कसे काढले ते सांगून उपयोग नाही.

यंदा मुरबाडजवळच्या म्हसा गावच्या जत्रेत वहिनी दिसल्या. त्या आता माहेरी, मुरबाडच्या बाजूला असतात, आणि एका आश्रमशाळेत स्वयंपाकाचं काम करतात, असं ऐकलं होतं. बैलांच्या बाजारापलीकडे घोंगड्यांचे ठेले लागतात, तिथे त्या एक घोंगडी उन्हात धरून वीण बघत होत्या. केस बरेच पिकलेले. मी ओलांडून जाऊ शकले असते. त्यांनीच आधी बघितलं.

"एकट्याच आल्या?" त्यांनी विचारलं.

"हो."

"गर्दी लय हाय औंदा."

"हो ना."

त्यांनी घोंगडी उलटी करून मला दाखवली. "ही बघा जरा. माझ्या डोळ्यांना आता नीट दिसत नाय. कुठं विरलीय काय?"

मी घोंगडी हातात घेतली. एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत, हात फिरवत, वितीवितीनं बघितली. ठेलेवाला कंटाळला. मागून माणसं ढकलत होती. एका कडेला चार धागे सुटलेले होते, ते मी त्यांच्या बोटाला लावून दाखवले.

"मंग नको," म्हणून त्यांनी ती परत ठेवली, आणि दुसरी उचलली.